शेवटच्या गाण्याचा वेग

टॅम्पिनीस, सिंगापूर
१८ ऑगस्ट १९९६

प्रिय मधुरा,

तुझी सीडी मिळाली. सोबतची चिठ्ठीही मिळाली. ‘बाबा, आमच्या बँडचा पहिला अल्बम. आवडला का ते खरं सांगा.’ खरं सांगायला मला कधी वेळ लागत नाही, हे तू जाणतेस. या वेळी महिना लागला, त्याला कारण आहे. ते ओघात येईल. आधी अल्बम.

पहिल्यांदा कव्हर. वॉशबेसिन, त्यात केसांचा गुंता, कडेला साबणाचा फेस वाळून पिवळा पडलेला. मी निम्मं आयुष्य जहाजांच्या तळाशी घाणीत हात घालून काढलं. तेल, गंज, मेलेले उंदीर, सगळं उपसलं. पण ते साफ करण्यासाठी. फोटो काढून लोकांच्या घरी पाठवण्यासाठी नव्हे. मला शिसारी आली. सीडी उलटी करून ठेवली, तर मागे तेच बेसिन, फक्त नळ चालू. बँडचं नाव ‘द टिन लाँड्री’, अल्बमचं नाव ‘वॉश कोल्ड’, आणि पाच जणांत एक बेसिन घासायला कोणी तयार नाही. हे लीड्सला आर्किटेक्चर शिकायला पाठवलेल्या मुलीचं पहिलं बांधकाम.

आता आतला माल. मला संगीतातलं काही कोणी शिकवलेलं नाही, तसं कशातलंच नाही. गोदीत फिटर म्हणून लागलो, पुस्तकं मागून आणून वाचली, इंजिनिअरच्या परीक्षा एकेक करून दिल्या. हॉलमधला अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर त्याच पद्धतीने, चुकत चुकत, स्वतः बांधले. त्यांच्यातून काही लपत नाही. तुमचा ड्रमवाला प्रत्येक गाण्यात शेवटाकडे मंदावतो. पंप हवा ओढायला लागल्यावर जसा आवाज येतो, तसा. दुसऱ्या गाण्यात गिटारची एक तार उतरलेली आहे आणि ती गाणं संपेपर्यंत कोणाच्याही लक्षात येत नाही. सहाव्या गाण्यात तो इसम बसमध्ये ओकतो. ठीक आहे, ओकला. पण प्रत्येक कडव्यानंतर त्याला पुन्हा पुन्हा ओकायला का लावता? मी त्या वेळी जेवत होतो. ताट बाजूला सारलं.

पण हे सगळं मी सोसलं असतं. सोसवला नाही तो तुझा आवाज. काय करून ठेवलंयस हे? टाचा उंच करून फळीवरचा डबा काढावा तसं प्रत्येक अक्षर वरच्या पट्टीत ओढून काढतेस. बारीक, नाकातून, लाडिक. गळ्याच्या शिरा इथे टॅम्पिनीसमध्ये दिसत होत्या मला. घरात भांडताना, फोनवर हसताना, एमआरटी ट्रेनच्या गर्दीत मला हाक मारताना जो आवाज मी ऐकत आलो, त्याचा मागमूस नाही. शाळेच्या कॉयरमध्ये त्या बाईंनी तुला मागे मुलांच्या रांगेत उभं केलं होतं, आठवतंय ना? मुलीचा आवाज इतका जाड कसा, म्हणून. मी दुसऱ्या दिवशी यार्डातून तसाच, बॉयलर सूट घालून शाळेत आलो आणि माझ्या त्या इंग्रजीत त्यांच्याशी वाद घातला. तू शरमेनं लाल. नेव्हर माइंड लाह, बाबा, असं पुटपुटत माझी बाही ओढत होतीस. त्या आवाजासाठी मी भांडलो होतो. तो तू इंग्लंडात नेऊन कुठे टाकलास?

हे पत्र मी इथेच संपवणार होतो. मग शेवटचं गाणं लागलं. वाद्यं थांबली, जरा शांतता, आणि एक बाई मराठीत विचारते, ‘ऐकू येतंय ना तिकडे?’ आत छापलंय, आवाज: अरुणा, माझी आई.

मी प्लेअर बंद केला. शिसारी हा शब्द मी वर कव्हरसाठी वापरायला नको होता, इथे वापरायला हवा होता. त्या बेसिनच्या, त्या ओकाऱ्यांच्या शेवटी तुझ्या आईला नेऊन बसवलंस? मला न विचारता? दोन दिवस सीडीला हात लावला नाही. पण मी चिडलो तरी तपासणी अर्धवट सोडत नाही. तू पाठवलेलं मासिकाचं कात्रण वाचलं. त्यात तू म्हणतेस की गाणं मी आईच्या कॅसेटवरून शिकले, तिच्यासारखा आवाज काढायचा प्रयत्न करते. मग ते वाक्य पुन्हा लावलं, आणि पुन्हा. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की तुझा काही दोष नाही.

नीट वाच आता. तू अगदी लहान होतीस तेव्हा मी बोटीवर आणि तुम्ही दोघी डोंबिवलीला. अरुणा घरच्या टेपरेकॉर्डरच्या मशीनवर, टेपच्या स्पूलमध्ये बोलून ठेवायची, आणि ते स्पूल कंपनीचा एजंट बंदरात बोटीवर पोचवायचा. पत्राऐवजी आवाज. तेव्हा आम्हा बोटीवाल्यांत ही पद्धतच होती. आता घरची वीज सेकंदाला पन्नास सायकलची, म्हणजे पन्नास हर्ट्झची, बोटीवरची साठची. त्या मशिनांची मोटर विजेच्या सायकलच्या वेगानं फिरायची. म्हणजे घरी भरलेला स्पूल बोटीवर एक पंचमांशानं जोरात धावणार. प्रत्येकाची बायको घाईघाईत, बारीक आवाजात, शाळकरी मुलीसारखी बोलणार. मेसमध्ये थट्टा चालायची, की किनाऱ्यावर कितीही वय होऊ दे, बोटीवर सगळ्यांच्या बायका सोळा वर्षांच्या. मी ऐकताना मनातल्या मनात वेग उतरवून घ्यायचो. सवयीनं जमायचं.

अरुणा गेली तेव्हा तू पाच वर्षांची. आमच्या बोटीचा इलेक्ट्रिकल ऑफिसर म्हणजे आपला विश्वासकाका. त्यानं चांगल्या मनानं एका स्पूलची एक बाजू तिथेच, बोटीवरच, कॅसेटवर उतरवून तुझ्यासाठी आत्याकडे पाठवली. साठ सायकलवर चाललेला आवाज कॅसेटवर तसाच गोठला. आत्याला, संजीवनीला, ती ऐकवत नसे. ती खोलीबाहेर जायची, म्हणून आवाज चुकीचा लागतोय हे तिच्याही कधी ध्यानात आलं नाही. मी समजत होतो की सिंगापूरला येताना ती हरवली. ती तुझ्या बॅगेतून लीड्सला गेली, हे मला आता, एका ब्रिटिश रॉक बँडच्या अल्बमवरून कळतंय.

मधू, तू जिच्यासारखं गायचा प्रयत्न करतेस, ती बाई कधी नव्हतीच.

स्पूल माझ्याकडे आहे. मशीन नव्हतं, अरुणा गेल्यावर मी ते घरात ठेवलं नाही. सुंगेई रोडच्या जुन्या बाजारात एक मेलेलं मशीन मिळालं. त्याचा पट्टा बदलला, हेड साफ केलं, मोटरला तेल दिलं. महिना गेला तो यात. गेल्या रविवारी सकाळी विश्वास वुडलँड्सहून आला. सिंगापूरची वीजही पन्नासचीच आहे. सुरू केलं. ‘ऐकू येतंय ना तिकडे?’ जाड, खालचा, सावकाश आवाज. फोनवर तू बोलतेस तो. विश्वास म्हणाला, “मीच केलं का रे हे?” मी म्हटलं, “हो. चहा घे.”

सोबत कॅसेट पाठवतो आहे, योग्य वेगाची, स्पूलच्या दोन्ही बाजू. विश्वासनं उतरवली नव्हती ती दुसरी बाजू आधी ऐक. मी ती बोटीवर एकदाच ऐकली होती. त्यात तू मागे रडते आहेस, आणि अरुणा मला सांगतेय, ‘हिचा आवाज माझ्यावर गेलाय. माझ्यासारखंच हिलाही शाळेत मुलांच्या रांगेत उभं करतील बघा. तेव्हा मात्र तुम्ही बोटीवर राहू नका, जाऊन भांडा.’ त्या दिवशी मी बॉयलर सूटमध्ये का आलो होतो, ते तुला कळावं म्हणून एवढं लिहिलं. अल्बम मला अजिबात आवडला नाही. दुसरा कराल तेव्हा बेसिन घासून घ्या, आणि तू मागच्या रांगेतून गा.

तुझाच,
बाबा