पिवळ्या फ्रॉकची चिंधी

प्रिय अरफा,

खूप खूप दुआ. पत्र बघून तू आधी दचकशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, आम्ही दोघं आहोत तशी आहोत, कुणी पडलेलं-झडलेलं नाही. फोन सोडून पत्र का, तर तुझा फोन आला की तुझे अब्बा तो स्पीकरवर टाकतात आणि माझं अर्धं वाक्य व्हायच्या आत हातातून काढून घेतात. मला जे सांगायचंय ते त्यांच्या कानावर जायला नको. आत्ता ते जुम्म्याच्या नमाजला गेलेत, तेवढ्यात लिहून घेते. उर्दू वाचता येते मला, पण लिहायला बसले की हात अडतो. सायखेड्याच्या शाळेत मराठीच गिरवली, तेव्हा मराठीतच चालवून घे.

तू पाठवलेले डिशवॉशरचे फोटो सगळे पाहिले. कढई घासणारं वेगळं, जड पाण्यासाठी मीठ मागणारं वेगळं, आणि एक तर म्हणे चौदा ताटांचं. घरात दोन माणसं आणि चौदा ताटांचं मशीन! नाकापेक्षा मोती जड. तू दर वेळी विचारतेस, अम्मी, कोणतं घेऊ, आणि मी बघू म्हणून विषय टाळते. तुला वाटत असेल, जुन्यात जीव अडकलाय माझा. तसं नाही गं. त्या जुन्या मशीनची मला आता भीती वाटते. आणि खरं सांगायचं तर मशीनची नाही, ते दुरुस्त करणाऱ्या हातांची भीती वाटते.

ते मशीन घरी आलं तेव्हा तू एवढीशी होतीस. गंगापूर रोडचे खंडेराव साहेब बंगला विकून मुलाकडे गेले आणि परदेशातून आणलेलं ते बंद पडलेलं धूड आपल्या गळ्यात मारून गेले. अब्बांनी ते अंगणात पूर्ण सुटं केलं आणि चालू करून दाखवलं. शेजारच्या भागीबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या होत्या, जमीलभाई, बायकोला हात दिलेत ना अल्लाने, मग हे कपाट कशाला? पुढे पहिल्या इफ्तारीची सगळी ताटं त्यातून लखलखीत निघाली, तेव्हा त्याच भागीबाई आपला चहाचा सेट घेऊन दारात हजर.

दुरुस्तीच्या दुकानातली अब्बांची चिंध्यांची रीत तुला माहीतच आहे. जुन्या मशीनच्या पार्टवरचे आकडे पुसून गेलेले असतात. थर्मोस्टॅटच घे. बटणाएवढी ती गोल चकती, डिशवॉशरची, रूम हीटरची, ओव्हनची, सगळ्या दिसायला सारख्या. फरक एवढाच, की कुठली किती गरम झाल्यावर वीज तोडते. म्हणून पार्ट काढला रे काढला की ते माझ्या शिलाईच्या कातरणातली एक चिंधी त्याला बांधायचे. एका जातीच्या मशीनला एकच कापड. हीटरला तुझ्या मामूच्या राखाडी पँटचं, ओव्हनला माझ्या हिरव्या पडद्याचं. आणि डिशवॉशरला तुझ्या आखूड झालेल्या पिवळ्या फ्रॉकचं, ज्यावर छोटे छोटे आंबे होते. घरचं मशीन, तर घरच्या पोरीचा फ्रॉक, असं म्हणाले होते. मनमाड-मालेगावहून लोक तुटका पार्ट पिशवीत घालून यायचे, आणि अब्बा तो अंगठ्याने चाचपून सरळ त्या-त्या चिंधीच्या डब्याकडे हात टाकायचे. प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या फ्रॉकची गोष्ट ऐकावीच लागायची. मला लाज वाटायची, पण आतून बरंही वाटायचं.

यंदाच्या उन्हाळ्यात मशीनमधलं पाणी गरम होईना. अब्बांनी थर्मोस्टॅट बदलला, मशीन चालू केलं आणि हात धुऊन दुकानात गेले. थोड्या वेळाने मला जळका वास आला. दरवाज्याला हात लावला तर तवा तापल्यागत चटका. मेन स्विच बंद करून उघडलं, तर डब्यांची झाकणं वितळून जाळीला चिकटलेली, रबराचा गोटा झालेला. पाणी केव्हाच निघून गेलं होतं आणि हीटर तापतच होता. मी ओट्याला धरून खाली बसले.

वाटलं, दुसऱ्याच मशीनची चकती बसवली असेल, होतं एखाद्या वेळी. डोळ्यांचा नंबर वाढला असेल. पण अरफा, माझ्या शिलाई मशीनच्या सुईत दोरा आजही तेच ओवून देतात, एका झटक्यात. मग मी दुकानात गेले आणि डबे उघडले. पार्ट साफ करायचे म्हणून त्यांनी सगळ्या गाठी सोडल्या होत्या आणि पुन्हा बांधल्या होत्या. पंपाला हीटरची राखाडी पँट, गाळणीला ओव्हनचा पडदा, आणि तुझा फ्रॉक कशाकशाला बांधलेला, काही विचारू नकोस. गाठी मात्र नेहमीसारख्या सुबक. मला कापडं ओळखता येतात, पण पंप-गाळणीपलीकडे पार्ट ओळखता येत नाहीत. त्यांना पार्ट ओळखता यायचे. आता त्या दुकानात कुठली वस्तू कशाची, हे सांगू शकेल असं कोणी उरलेलं नाही, आणि हे फक्त मला माहीत आहे.

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय. दुकानाचा फोन वाजला की मी हातातलं काम टाकून कान देते. ते कुणाचा गीझर बघायला इंदिरानगरला गेले की मी दारातून हलत नाही. त्या घरात लहान लेकरू असेल, ओल्या पायांनी कुणी नळाखाली उभं राहील, असलंच काहीबाही डोळ्यांपुढे येतं. भागीबाईंच्या गीझरला तर मी हात लावू दिला नाही, त्यांना शपथ घालून कंपनीचा माणूस बोलवायला लावला. परवा हरसूलचा केरू, तोच अब्बांना मास्तर म्हणणारा, चहाच्या टपरीचं पाणी तापवायचं यंत्र घेऊन आला. मी दारातच सांगितलं, मास्तरांना बरं नाही, दुसरीकडे ने. तो आत डोकावून म्हणाला, ओ भाभी, मास्तर तं आतच बसेल हायेत की! अब्बांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. रागावले असते तर परवडलं असतं. ते घाबरले होते, अरफा. त्यांनाही कळतंय, असं मला वाटतं. आम्ही दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवतोय आणि सकाळ-संध्याकाळ एका दस्तरखानावर जेवतोय.

तोंडावर कसं सांगू? ज्या माणसाची सगळी इज्जत त्याच्या बोटांत आहे, त्याला कसं म्हणू, की आता कशाला हात लावू नका? डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणतात, तूच दाखवून घे, तुझा चेहरा उतरलाय.

म्हणून मशीनचं माझं उत्तर ऐक. कढई निघो न निघो, मीठ लागो न लागो, मला काही पडलेलं नाही. ज्याची गॅरंटी सगळ्यात लांब असेल आणि ज्यावर स्पष्ट लिहिलं असेल, की बाहेरच्या माणसाने खोललं तर गॅरंटी संपली, असं मशीन निवड. मग मला म्हणता येईल, अहो, राहू द्या, कंपनीवाले भांडतील. कंपनीशी कोण भांडणार, म्हणून तेही मागे सरतील. त्यांचा मान राहील आणि जुनं धूड घराबाहेर जाईल. दुकानाचं काय करायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.

एवढंच असतं तर मी कसंबसं फोनवरही कुजबुजले असते. पण काल दुपारी अब्बांनी डब्यातून एक पार्ट काढला, त्याची चिंधी सोडली आणि बराच वेळ अंगठ्याने ते आंबे चोळत राहिले. मग मला विचारलं, हे कापड कुणाचं गं? मी म्हटलं, तुमच्या अरफाच्या फ्रॉकचं. त्यांनी मान हलवली, आणि आपण एखाद्या गिऱ्हाइकाच्या घरची विचारपूस करावी तसं अगदी अदबीने म्हणाले, अस्सं, मोठी झाली असेल ना आता पोरगी? घटकाभराने ते नेहमीसारखे तुझ्या फोनची वाट बघत बसले, तू उशीर का केलास म्हणून चिडलेसुद्धा. पण मी त्यांचा तो दुपारचा चेहरा पाहिलाय, आणि पुढच्या वेळी ते त्यातून परत येतील याची मला खात्री नाही. मशीन मागाहून आलं तरी चालेल, बेटा. तू आधी ये.

तुझीच,
अम्मी