अणुभट्टीवर माझे दोन शब्द

८ एप्रिल
वाडीमागच्या टेकाडावर पोलादपूरहून दोन साहेब आलेत. दुर्बीण लावून जमीन मोजतायत. विचारलं तर "सर्व्हे आहे, वरच्यांना विचारा." दुपारपर्यंत वाडीत एकच बोंब, अणुभट्टी येणार! सरपंच येसाजीदादा घरी आले. म्हणाले, "भरत, तू मुंबईला कॉलेजच्या लॅबमधी होतास. रविवारी ग्रामसभेत समजाव. लोकं पेटल्येत." होतो खरा. शिपाई म्हणून, पण लॅबमध्येच.

९ एप्रिल
मोबाइलवर अणुभट्टीचा व्हिडिओ बघितला. सोपं आहे. फिशन म्हणजे युरेनियमचं जड केंद्रक फोडायचं. आजच्या अणुभट्ट्या त्याच्यावरच चालतात. कचरा हजारो वर्षं घातक. फ्यूजन म्हणजे हायड्रोजनची हलकी केंद्रकं जोडायची, सूर्यात होतं तसं. तसला कचरा नाही. आमच्याकडे फ्यूजनच येणार. टेकाडावर ऊन भरपूर.

१० एप्रिल
व्हिडिओचा शेवट बघितला. फ्यूजनची वीज अजून जगात कुठल्याच गावाला मिळत नाही. म्हणजे पहिला मान आमचा.

११ एप्रिल
शेजारच्या गोमाजीकाकांनी साहेबांचे खुंटे उपटले. साहेब म्हणाले, पोलीस आणू. वातावरण गरम. बायको, आवडी, म्हणाली, "तुमाला तरी दोन शब्दांतला फरक ठाव हाय काय?" राग आला. पाठ करायला युक्ती काढली: फ्यूज उडतो, म्हणून फुटणारं ते फ्यूजन. आता चुकणं शक्य नाही.

१३ एप्रिल, रविवार
ग्रामसभा. मी ठणकावून सांगितलं, "भिऊ नका! आपल्याकडे फिशन येणार. अगदी सूर्यासारखं." पोरांनी तिथंच मोबाइलवर फिशन शोधलं. स्फोट, ओसाड गावं. फोटो हातोहात फिरले. "थांबा, दुसरा शब्द!" मी ओरडलो. कोण ऐकतो? गोमाजीकाका उठले, "भरतच सांगतोय, मंग आता कसली वाट बघताय रे?" सगळे टेकाडावर. साहेबांना घेराव. थोरले साहेब हात जोडून काहीतरी सांगत होते, तेवढ्यात काकांचा दगड त्यांच्या कपाळाला लागला. रक्त. दोघं गाडीत बसून गेले.
जनजागृती झाली, हे मात्र मान्य करायला हवं.

१७ एप्रिल
काकांना पोलीस घेऊन गेले. येसाजीदादा तालुक्याला माफी मागून आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाण्याच्या टाकीचा सर्व्हे होता. आपल्या नळांसाठी. आता योजना खालच्या वाडीला दिली."
आवडीनं रिकामा हंडा माझ्यापुढं ठेवला. मी उचलला. ओढ्याच्या वाटेवर अख्खी वाडी भेटली. कुणीही मला काही विचारलं नाही.