गच्चीवरचे यंत्र आणि इतर मिळकत

मी, शरच्चंद्र निरंजन खिरवडकर, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त प्राध्यापक (रसायनशास्त्र), राहणार बूढ़ापारा, रायपूर, छत्तीसगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. त्याबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण या मुद्द्यावर साक्ष द्यायला पत्नीने नकार दिला. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. पत्नी शेजारच्या खोलीत मोदकांसाठी नारळ खवत आहे आणि अधूनमधून "झालं का लिहून?" असे विचारते आहे. याला कायद्यात दडपण म्हणत नसावेत.

यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेले नाही. शोधनिबंध पुष्कळ केले, पण त्यांतून कोणाला काही मिळाल्याचे ऐकिवात नाही.

माझा भाचा ॲडव्होकेट विहंग याने छापील नमुना आणून दिला होता. त्यात मिळकतीचे स्थावर आणि जंगम असे दोन रकाने होते. मी आयुष्यभर या शहराच्या हवेतली धूळ मोजली, तीच माझी कमाई, आणि ती कोणत्या रकान्यात लिहावी हे मला ठरवता येईना. विहंग म्हणाला, "मामाजी, आप हाथ से ही लिख लो." म्हणून हाताने लिहिले आहे.

कलम १. बूढ़ापाऱ्यातले माझे दुमजली घर, गच्चीसह, मी पत्नी सौ. कौमुदी हिला देत आहे आणि तिच्या पश्चात मुलगी ईरा हिला. आमचे पूर्वज भोसल्यांच्या कारभारात कारकून म्हणून इकडे आले आणि परतीची सोय कोणी केली नाही म्हणून इथेच राहिले, असे वडील सांगत. घर त्यांनी बांधले, वाढवले कौमुदीने. मी बहुतेक वेळ गच्चीवर असे. त्यामुळे या कलमाने घरात काही बदल होईल असे वाटत नाही.

कलम २. बँकेतल्या ठेवीही कौमुदीला. पासवर्ड तिलाच माहीत आहे, तेव्हा हे कलम शिष्टाचार म्हणून घातले आहे.

कलम ३. माझे दहन विजेवर करावे. सारे आयुष्य दुसऱ्यांचा धूर मोजत बसलेल्या माणसाने जाताना स्वतःचा धूर मागे ठेवू नये. ऐन वेळी वीज गेली तर मात्र माझ्या तत्त्वांसाठी लोकांना उन्हात ताटकळत ठेवू नये, लाकडे आणावीत. फोटोपुढे उदबत्ती लावायचीच असेल तर खिडकी उघडून लावावी. बंद खोलीत एक उदबत्ती काय करते हे मी दरवर्षी गणपतीच्या मंडळात सांगत आलो आहे, आणि दरवर्षी त्यांनी मला पुढच्या रांगेतून उठवून मागे बसवले आहे.

कलम ४. माझे सहकारी डॉ. शिशिर यांना मी काहीही देत नाही. आम्ही दोघांनी मिळून लिहिलेल्या प्रत्येक निबंधावर त्यांचे नाव आधी छापले गेले. धूळ मी गोळा करायची, परिषदेला बँकॉकला ते जायचे. माझ्यावर श्रद्धांजलीचा लेख निघालाच तर त्यातही त्यांचे नाव आधी घालावे. त्यांना त्याची सवय आहे.

कलम ५. ईराला घराशिवाय काय द्यावे यावर मी बरेच दिवस विचार केला. ती सध्या म्हैसूरला असते आणि तिथे तिला श्वास नीट घेता येतो. लहानपणी हिवाळा आला की तिची छाती घरघरायची. सकाळी गच्चीचा कठडा काळा झालेला असायचा, त्यावरून बोट फिरवले तर शाळेची पाटी पुसल्यासारखे व्हायचे. त्या वर्षी मी हवा मोजायला लागलो. मला वाटले, नीट मोजले, छापले, योग्य ठिकाणी पाठवले की कोणीतरी काहीतरी करील. मी मोजत राहिलो. ईरा मोठी झाली, शिकली आणि निघून गेली. माझ्या एकाही आलेखाने तिचा एकही झटका टळला नाही. याचे मला फार वाईट वाटते, आणि हे तिला तोंडाने सांगणे जमले नाही म्हणून इथे लिहीत आहे.

तिला आराम पडायचा तो ममताने आणलेल्या वाळूने. आमच्या मागच्या गल्लीत निनाव्यांची मुर्रा-भट्टी आहे. मुरमुऱ्यांना इकडे मुर्रा म्हणतात. मोठ्या कढईत वाळू तापवायची आणि तिच्यात तांदूळ फुलवायचे, असे ते काम. ममता तेव्हा नुकतीच लग्न होऊन भंडाऱ्याकडून आली होती. दिवेलागणीला भट्टी विझली की ती कढईतली गरम वाळू फडक्यात बांधून आणायची आणि ईराच्या पाठीला शेक द्यायची. मी तेव्हा वर गच्चीवर असे.

कलम ६. गच्चीवरचे हवा मोजण्याचे यंत्र. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो: पत्र्याच्या एका उंच पेटीत मोठा पंखा असतो. तो बाहेरची हवा ओढतो, हवेतली धूळ एका पांढऱ्या कागदावर अडकते, आणि कागद आधी व नंतर तोलला की किती धूळ खाल्ली ते कळते. यंत्र विद्यापीठाने भंगारात काढले तेव्हा मी ते लिलावात घेतले. माझ्याविरुद्ध बोली लावायला फक्त एक कबाडी होता, आणि तोही मला समजावत होता. त्याचा आवाज असा आहे की गल्लीत त्याला गुरुजींची चक्की म्हणतात. नवीन राहायला आलेल्या एक बाई खरोखरच गव्हाचा डबा घेऊन जिना चढून आल्या होत्या.

हे यंत्र मी विद्यापीठाला परत देऊ इच्छितो, म्हणजे मोजणी खंडित होणार नाही. विद्यापीठाने जागा नाही असे कळवले आहे. मी मेल्यावर पुन्हा विचारावे, कदाचित तेव्हा संकोच वाटेल.

कलम ७. हे कलम सर्वांत महत्त्वाचे आहे.

"संशोधनाचा व्यावहारिक उपयोग" हा मथळा माझ्या प्रत्येक अहवालाच्या शेवटी असतो. त्याखाली मी आजवर पुष्कळ लिहिले. शहराबाहेरच्या धुराड्यांबद्दल लिहिले, ट्रकांबद्दल लिहिले, उघड्यावर पडलेल्या राखेबद्दल लिहिले. शेवटच्या जाडजूड अहवालाच्या परिशिष्टात, विषय अपुरा राहू नये म्हणून, मी एक ओळ घातली: "वस्तीतील लहान भट्ट्यांचाही विचार व्हावा." एका कार्यालयाने (नाव लिहीत नाही) सबंध अहवालातली तेवढी एकच ओळ वाचली आणि तिच्यावर तत्परतेने विचार केला. ममताच्या भट्टीला नोटीस आली. दिवाळीपर्यंत धूर बंद करा, नाहीतर भट्टी बंद करा. मोठी धुराडी आपापल्या जागी आहेत.

असा माझ्या संशोधनाचा पहिला व्यावहारिक उपयोग झाला. रणजित, म्हणजे ममताचा नवरा, गेल्यापासून ही भट्टी तिचे एकटीचे पोट आहे. म्हणून मी लिहितो की, माझ्या मृत्यूनंतर निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या भविष्य निर्वाह निधीच्या रकमेतून ममता निनावे हिला गॅसवर चालणारी भट्टी बसवून द्यावी.

(इथपर्यंत गणपतीत लिहिले. यापुढचे दिवाळीनंतर लिहीत आहे. विहंगचे म्हणणे आहे की सगळे नव्याने स्वच्छ लिहून काढावे. मी ऐकलेले नाही.)

कलम ७ रद्द करण्याची कारणे. कलम लिहून झाल्यावर मला स्वतःबद्दल फार बरे वाटले. त्या भरात मी ममताला अंगणात बोलावले, खुर्ची दिली आणि कलम मोठ्याने वाचून दाखवले. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"काका, डॉक्टर काय म्हणते तुमाले?"

"तब्येत ठणठणीत आहे म्हणतात." मी जरा अभिमानानेच सांगितले.

"मंग? नोटिशीत दिवाळीपर्यंतचा टाइम हाय. तुमी काई दिवाळीपर्यंत मरून नाई राहिले. मी काय रोज सकाळी भट्टी पेटवताना तुमच्या खिडकीकडं पाहू, काका हायेत का गेले म्हणून?"

मी कौमुदीकडे पाहिले. चूक तिथेच झाली.

"माझ्याकडे काहून पाहून राहिले? बरोबर बोलून राहिली ती. सारं आयुष्य मोजलं तुम्ही. आता एखादी गोष्ट करा न!"

मी म्हणालो, पैसे आत्ताच देतो. ममता म्हणाली, "पैसे नको, काका. लोक म्हणतीन, यायनंच नोटीस आणली अन् यायनंच भीक देल्ली. अन् गॅस रोज कोण भरून देईन? माहा भुसा अभनपूरच्या राइस मिलमधून येते, तो परवडते मले." एवढे बोलून ती उठली. ताज्या मुर्ऱ्याची पुडी मात्र नेहमीप्रमाणे ठेवून गेली. ती पुडी माझ्याच्याने उघडवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा त्या भट्टीसमोर जाऊन बसलो. इतकी वर्षे तिचा धूर गच्चीवरून मोजला, भट्टी कधी पाहिली नव्हती. भुशाला खालून हवा मिळत नव्हती. हवा कमी पडली की जळण अर्धवट जळते, आणि अर्धवट जळलेले तेच धूर होऊन बाहेर पडते. हे मी वर्गात फळ्यावर लिहीत असे, खाली दोन रेघा मारत असे आणि परीक्षेत हमखास विचारत असे. भट्टीला हवी होती फक्त हवा, आणि माझ्या गच्चीवर हवा ओढणारा शहरातला सर्वांत कर्कश पंखा रात्रंदिवस फिरत होता.

मी पेटी उघडली आणि पंखा काढला. त्या दिवसापासून माझी मोजणी खंडित आहे.

पहिल्या प्रयत्नाबद्दल थोडक्यात सांगतो. पत्र्याच्या नळीने पंखा भट्टीच्या पोटाशी जोडला आणि मी पूर्ण वेगाने चालू केला. राख वर उडाली, मग तिच्यामागून मुर्रा उडाला, आणि दोन्ही मिळून गल्लीतल्या झाडून साऱ्या स्कूटरांवर आणि माझ्यावर बसले. ममताने पदराने तोंड पुसले आणि हसत म्हणाली, "काका, आता तुमी आमच्या धंद्यातले दिसून राहिले." नोटीस आल्यापासून ती माझ्याशी हसून बोलल्याचे ते पहिलेच. दुसऱ्या दिवशी मी वेग कमी करायचा रेग्युलेटर आणून बसवला. मग भट्टी निळसर, शांत जळायला लागली. मी धुराड्याकडे इतका वेळ पाहत राहिलो की मान अवघडली.

दिवाळीच्या आधी कार्यालयाचे दोन साहेब आले. त्यांनी वर पाहिले, वास घेतला, मूठभर मुर्रा खाल्ला आणि "धूर आढळला नाही" असे लिहून नोटीस मागे घेतली. भट्टी चालू आहे. म्हणून कलम ७ रद्द करत आहे. ते मरेपर्यंत थांबवण्यासारखे नव्हते.

कलम ६ मधली दुरुस्ती. यंत्राचा पंखा मी माझ्या हयातीत ममता निनावे हिला दिला आहे. रिकामी पेटी कौमुदीने घेतली असून तिच्यात कांदे ठेवले आहेत. विद्यापीठाला विचारण्याची आता गरज नाही.

धूर नेमका किती कमी झाला, असे ईराने फोनवर विचारले. मला सांगता येईना. ज्याने मोजायचे ते भट्टीखाली आहे. उभ्या आयुष्यातला माझा एकमेव उपयोगी प्रयोग, आणि त्याचा आकडा माझ्याजवळ नाही. डॉ. शिशिर यांना हे कळवू नये.

एवढे मात्र नमूद करतो. काल कौमुदीने पांढऱ्या चादरी गच्चीच्या मागच्या बाजूला, भट्टीकडे तोंड करून वाळत घातल्या. लग्न होऊन आल्यापासून तिने त्या बाजूला कधी काही वाळत घातले नव्हते. संध्याकाळी चादरी काढताना तिने त्यातली एक माझ्या हातात दिली. मी ती उजेडात धरून पाहिली. फार आनंद झाला.

कलम ८. ईराला सांगावे की पुढच्या हिवाळ्यात एकदा येऊन राहून पाहा. शहराचे मी काही करू शकलो नाही, पण मागची खोली बरी आहे.

वरील मजकूर मी वाचून, समजून आणि दोनदा हसून त्यावर सही करत आहे. साक्षीदार कोण, यावर विहंगने बजावले होते, "मामाजी, जिसको कुछ मिल रहा है, उसको गवाह मत बनाना." कलम ७ रद्द झाल्यामुळे ममताला या कागदाने आता काहीच मिळत नाही, तेव्हा तिची साक्ष चालेल असे त्याचे मत पडले. ती स्वतःहून आली होती. साक्षीदाराने आपल्या हाताने दोन शब्द लिहावेत, असे सांगताच तिने माझ्याकडून पेन घेतले.

स्थळ: रायपूर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

मृत्युपत्रकर्ता
(सही) शरच्चंद्र निरंजन खिरवडकर

साक्षीदार १
मृत्युपत्रकर्त्याने माझ्यासमक्ष शुद्धीवर असताना सही केली.
(सही) ॲडव्होकेट विहंग, रायपूर

साक्षीदार २
काकाइनं माह्यासमोर सही केली. पंखा वापस मांगणार नाई, हे बी माह्यासमोरच म्हणले. अजून लय वर्षं जगा.
(सही) ममता रणजित निनावे, मुर्रा भट्टी, बूढ़ापारा