मैदानाकडे पाठ

बाबा, त्या दिवशी पेंढ्याच्या उडवीमागे बसून तुम्ही नक्की काय करत होतात, हे मला अजून कळलेलं नाही. घरात आम्ही सगळे तुम्हाला तूच म्हणायचो, पण कागदावर लिहायला बसलो की तुम्ही येतं. शाळेने तेवढं एक अंगात भिनवलं, बाकी सहावीत सुटलं. तुम्ही गेलात त्या वयाहून मी आता म्हातारा आहे. झोप लागत नाही, पाण्याची टाकी भरली की नाही याची काळजी वाटते, पोरगा फोन उचलत नाही तोवर जीव खालीवर होतो. आणि या सगळ्यात ती उडवी मध्येच येते. ती जिथे होती तिथे आता सात मजल्यांची इमारत आहे. नायगावचं आपलं खाडीकाठचं खाजण सगळं भरावाखाली गेलं. मी कधी तिकडून गेलो की गाड्या लावायच्या जागेत उभा राहून अंदाज घेतो, उडवी इथे होती की त्या खांबापाशी. वॉचमन विचारतो, कोणाकडे जायचंय. काय सांगणार त्याला.

भात कापून झालं, जमीन तडकून घट्ट झाली की पोरं खाचरात राखेची रेघ ओढायची आणि हुतूतू सुरू व्हायचा. तुमचं नाव तेव्हा खाडीच्या पलीकडेही होतं. तुम्ही सगळ्यांच्या मागे वाकून उभे राहायचात, जसं काही खेळात नाहीच. आलेला गडी चार जणांना हुलकावण्या देऊन परत फिरला की तुमचा डावा हात त्याच्या घोट्यावर पडायचा. हात आधी, डोकं बाजूला, मग सगळं अंग. मला हे तुम्ही अंगणात शिकवलंत, तुमच्याच घोट्यावर. ‘धरला का सोडायचा नाय,’ म्हणायचात. मी सोडला की पाठीत धपाटा.

पण पोरगा खेळायला लागला की बापाने बघायचं नाही, ही रीतही आपलीच. ‘बापाचा डोला सगल्यात वाईट,’ तुम्ही सांगायचात. परक्याची दृष्ट मीठमोहरीने उतरते, बापाची उतरत नाही. म्हणून खेळणाऱ्या पोरांचे बाप उडवीमागे ओळीने पाठ करून बसायचे, विड्या ओढायचे, आणि ओरडा झाला की एकमेकांना विचारायचे, कोणाचा गेला रे. बाकीच्या पोरांना त्याचं हसू यायचं. मला नाही यायचं. मी पकड केली की आधी उडवीकडे बघायचो. नुसता धूर दिसायचा.

पलीकडच्या गावाबरोबरच्या खेळात माझा गुडघा गेला तो दिवस तुम्हाला आठवत असेल. मी घोटा धरला, सोडला नाही, आणि वरून तिघे पडले. मला उचलायला सगळ्यात आधी तुम्ही पोचलात. खांद्यावर टाकून बांधावरून हाडवैद्याकडे निघालात. मी रडतोय, आणि तुम्ही धापा टाकत एकच सांगताय, मी विचारलेलं नसताना. ‘मी काय बघत नव्हतो. पाठ करून बसलेलो मी.’ थोडं चालून पुन्हा तेच. मला दुखण्यापेक्षा त्याचा राग आला. आयुष्यातली सगळ्यात चांगली पकड मी केली होती, आणि माझा बाप मला पुन्हा पुन्हा सांगत होता की ती त्याने पाहिली नाही. त्यानंतर मी खेळलो नाही. मिठागरावर लागलो, पुढे कारखान्यात. तेव्हाच ठरवलं होतं की मला पोरगा झाला आणि तो खेळला तर मी समोर बसून बघणार, सगळ्यांच्या पुढे बसून.

तुमचा नातू तुम्ही पाहिला नाहीत. पकड त्याला मी शिकवली, याच गुडघ्याने, चाळीच्या गॅलरीत. तो कबड्डीत चांगला निघाला. मग मुंबईचे कोणी मास्तर आले आणि कबड्डीवाल्या पोरांना रग्बीसाठी घेऊन गेले, म्हणाले, पकड यांना येतेच, चेंडू आम्ही शिकवू. मी वर्षभर भांडलो. हा कसला खेळ, चेंडू वाकडा, अंगावर सहा-सहा जण पडतात, हाडं मोडली तर नोकरी कोण देणार. तो म्हणायचा, ‘आप्पा, टेन्शन घेऊ नका ना.’ टेन्शन काय घ्यावं लागतं? ते असतंच. मग एक दिवस त्याने घरी येऊन सांगितलं की तो देशाच्या संघात आहे, श्रीलंकेबरोबर मुंबईतच सामना आहे, आणि माझ्या हातात पास ठेवला. मोठा आंतरराष्ट्रीय सामना. ‘पुढची जागा आहे,’ म्हणाला. ‘तुम्ही सारखं म्हणायचात ना, मी बघणार म्हणून. आता या.’

तुमच्या सुनेने येणार नाही म्हणून सांगितलं, आणि निघताना माझ्या खिशात मीठमोहरीची पुडी घातली. सामना सुरू झाला की मुठीत धरायची, संपला की बाहेर पडताना रस्त्यावर टाकायची. फाटकापाशी पोलिसाने खिसे चाचपले, पुडी उघडली, वास घेतला आणि विचारलं, हे काय आहे. मी म्हणालो, मीठमोहरी. तो म्हणाला, ते दिसतंय, कशाला आणलंय. आता माझ्या मागे रांग, गोरे लोक, इंग्रजी बोलणाऱ्या बायका, आणि मी काय सांगू? मी म्हणालो, पोरगा खेळतोय. तो मराठीच होता, त्याला कळलं असणार, पण त्याचा साहेब शेजारी उभा होता. त्याने पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. मी डब्याकडे बघत राहिलो तर म्हणाला, ‘काका, पुढे चला.’ तिथेच माझा दिवस बिघडला.

जागा खरोखर पुढची होती, रेघेला लागून. शेजारी पांढरी टोपी घातलेला एक पारशी म्हातारा होता, जुना खेळाडू, सगळ्यांना ओळखणारा. पोरगा पहिल्या अर्ध्यात राखीव म्हणून बाकावर बसून होता, त्यामुळे तोवर मी बिनधास्त बघितलं, आणि खरं सांगतो, मला काही कळेना. पळायचं पुढे आणि चेंडू द्यायचा मागे. पुढे दिला की शिट्टी. आठ-आठ जण रेड्यांसारखी डोकी एकमेकांत घालून ढकलतात, मध्ये चेंडू टाकतात, आणि तो कधी बाहेर आला ते कोणाला दिसत नाही, तरी सगळे टाळ्या वाजवतात. अंगं एकमेकांवर आपटल्याचा आवाज रेघेपर्यंत येतो, ओल्या पोत्यावर फळी मारल्यासारखा. आपल्या संघातल्या एका पोराने एकाला धरून पाडलं आणि धरूनच ठेवलं तर पंचाने त्यालाच दोष दिला. मी त्या पारशाला विचारलं, त्याचं काय चुकलं? तो म्हणाला, ‘पाडला का लगेच सोडायचा. रूल हाय.’ मला राग आला. धरलेला सोडायचा? मग धरायचा कशाला? ज्या गोष्टीसाठी मी तुमचे धपाटे खाल्ले, ती इथे गुन्हा. पोराला मी हेच उलटं शिकवलंय ही नवी काळजी लागली.

मध्यंतरानंतर तो उठला. बाकापाशी जागच्या जागी उड्या मारायला लागला, आणि आत जाताना त्याने माझ्याकडे बघून हात वर केला. बाबा, या क्षणाची मी तीस-पस्तीस वर्षं वाट बघितली होती. आणि मी काय केलं? मी वळलो. बाकावर उलटा होऊन मैदानाकडे पाठ केली. ठरवून नाही केलं. मूठ रिकामी होती, पुडी डब्यात होती, आणि मान आपोआप फिरली. समोर मांडवाचं कापड, खुर्च्यांचे ढीग, सरबत विकणारा. मागे सगळी गर्जना. माझा मलाच इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, पण वळता येईना. मी दृष्ट मानतो असंही नाही. मानत नाही असं म्हणायची हिंमतही नाही. माझ्यासारख्या माणसाचं हे असंच असतं, धड इकडे नाही, धड तिकडे नाही.

पारशी बघतच राहिला. ‘अरे, मॅच तो पुढे हाय. तुम्ही कापडला काय बघते?’ मी सांगितलं, माझा पोरगा खेळतोय. त्याला वाटलं मी घाबरलोय. मग तो बिचारा मला सांगायला लागला. आता चेंडू डावीकडे गेला, आता तुझा पोरगा धावला, आता त्याने एकाला खाली घातला, आणि सोडला बरोबर. मी विचारलं, सोडला ना? म्हणाला, सोडला, सोडला, शाणा हाय. मी उडवीमागे बसलोय आणि शेजारी विडीऐवजी सिगार, बाकी सगळं तेच. थोड्या वेळाने त्याचं बोलणं एकदम थांबलं. आजूबाजूचेही गप्प झाले. कोणीतरी रेघेच्या कडेने सुटलं होतं, पायांचा आवाज माझ्या पाठीमागून माझ्याच दिशेने येत होता. पारशी पुटपुटला, ‘गेला हा. कोणी नाही मागे.’

पुढे काय झालं ते त्या पारशाला माहीत नाही, तो मैदानाकडे बघत होता. तुमच्या सुनेला माहीत नाही. पोराला तर नाहीच नाही.

डोळे मिटून उघडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तो सुटलेला गडी आडवा झाला होता, आणि मग आणखी चौघे वर आले. ढीग सुटला तेव्हा सगळे उठले, तुमचा नातू उठला नाही. खांदा निखळला होता. मी रेघ ओलांडून धावलो, हा गुडघा घेऊन. मला दोघांनी अडवलं.

नंतर मांडवात त्याला खुर्चीवर बसवलं होतं, हात गळ्यात बांधलेला, चेहरा पांढरा, पण डोळे नुसते चमकत होते. मी आत गेल्यावर त्याने पहिलं काय विचारलं? ‘आप्पा, बघितलंत? घोटा! तुम्ही शिकवलेला. तो सुटला असता ना, तर मॅच गेली होती.’

मी म्हणालो, ‘मी कुठे बघत होतो? मी पाठ करून बसलो होतो.’

तोंडातून निघून गेलं. त्याला आधी वाटलं मी मस्करी करतोय. मग त्याला कळलं. शेजारी त्याच्या संघातली पोरं होती, त्यांच्यासमोर हसून म्हणाला, ‘पाठ करून बसायला घरचा ओटा नव्हता का, आप्पा? पास कशाला फुकट घालवला?’ पोरं हसली. तो पुन्हा माझ्याशी त्या पकडीबद्दल बोलला नाही. खांदा बरा झाला, आणखी काही वर्षं खेळला, बाहेरच्या देशातही जाऊन आला. मला पास पुन्हा कधी आणला नाही, आणि मी मागितला नाही. घरी पाहुणे आले की तोच ही गोष्ट सांगतो, आमच्या आप्पांनी एवढ्या मोठ्या मॅचला जाऊन कापड बघितलं. सगळे हसतात. मीही हसतो. काय करणार.

किती वेळा वाटलं त्याला सांगावं. पण सांगितलं तर काय होईल? तो दृष्टबिष्ट मानत नाही, आणखी हसेल. नाही हसला आणि मनात धरलं तर? खांदा अजून पावसाळ्यात दुखतो त्याचा. उठताना हात धरून उठतो, मला दिसतं. मग मी टाकीचं पाणी बघायला जातो.

तुमची सून आत्ताच विचारून गेली, एवढं काय लिहिताय. मी म्हणालो, पाण्याबद्दल सोसायटीला अर्ज. ती म्हणाली, द्या मग उद्या, नुसता लिहून ठेवू नका. हा कुठे देणार. तुम्हाला पत्ता नाही, आणि पोराच्या हाती लागायला नको.

बाबा, मी वळलो होतो. पायांचा आवाज जवळ आला तेव्हा वळलो आणि बघितलं. तो सगळ्यांच्या मागून आला, वाकलेला, आणि त्याचा डावा हात त्या धिप्पाड गड्याच्या घोट्यावर पडला. हात आधी, डोकं बाजूला, मग सगळं अंग. तुमचं होतं ते, जसंच्या तसं. मला इतका आनंद झाला की मी ओरडलो. त्याच्यावर ढीग पडायच्या आधी.

बांधावरून जाताना तुम्ही मला पुन्हा पुन्हा ते का सांगत होतात, हे मला त्या मांडवात माझाच आवाज ऐकून पहिल्यांदा विचारावंसं वाटलं, आणि विचारायला तुम्ही नाही. तुम्ही वळून बघितलं असेल आणि त्या नजरेने माझा गुडघा गेला असेल, तर गेला, चालेल मला. पण न बघताच गेला असेल, तर मला राग आहे. अजून आहे.