बहरलेली की माजलेली

१२ जून
आळीची फिरती नोटीस-पाटी आली. वाचायची, शिक्का मारायचा, त्याच दिवशी पुढच्या घरी द्यायची. आळीप्रमुख इसोबेबाईंनी लिहिलंय, ज्यांच्या अंगणात रान माजलंय त्यांनी २३च्या सामूहिक साफसफाईआधी काढावं. नाव नाही, पण बाकी सगळ्यांची अंगणं हजामत केल्यासारखी आहेत. रोख कळला.

चाळीस वर्षं शब्दकोशाची प्रुफं तपासली मी. माजतात तण, उंदीर, गुंड. माझ्याकडे बांबू आणि कुडझूचे वेल आहेत, ते बहरतात. फुसाए याच कारणावरून तीन आठवडे बहिणीकडे बेप्पूला आहे. जाताना म्हणाली, रस्त्यावरून आपलं दार दिसायला लागलं की कळवा, येते. बायकोला शब्दांचं सोयरसुतक नाही.

उद्या पहाटे पाचला कापणी सुरू.

१३ जून, सकाळी ९.४०
कोयता मिळेना. त्याऐवजी पाटीला जोडायला छोटं टिपण लिहितो. अर्धं पान.

१६ जून
अकरा पानं. कापणी उद्या, नक्की.

१८ जून
शेजारचे कानेमारू पाटी मागायला आले. वेलींमुळे दिसले नाहीत, नुसता आवाज आला. पुढच्या चार घरांना तारीख कळायचीय म्हणाले. संपादन चालू आहे, सांगितलं.
फुसाएचा फोन. दार दिसतं का, विचारलं. तत्त्वतः दिसतं, म्हटलं. रविवारी येते म्हणाली.

२२ जून
टिपण जोडून पाटी दिली. शेवटी मतदान ठेवलंय: माझी बाग बहरलेली की माजलेली? खूण करा.
फुसाएसाठी उमेबोशीचं लोणचं आणलं, तिच्या आवडीचं, जास्त खारट. महिनाभर एकट्याने सोमेनच्या शेवया खातोय. घर खायला उठतं. उद्या पाचला उठून सगळं साफ.

२३ जून, सकाळी ११
पाचला जाग आली नाही. साफसफाईला चार घरं नव्हती, तारीख काल रात्री कळली म्हणे. इसोबेबाई बरंच बोलल्या. ऐकून घेतलं.

२३ जून, संध्याकाळ
फुसाए दोनच्या बसने आली होती. रस्त्यावर उभं राहून दार शोधलं, मग इसोबेबाईंकडे चहा घेतला आणि साडेतीनच्या बसने परत गेली. मी आत टेबल मांडून बसलो होतो.

हे इसोबेबाईंनीच सांगितलं, पाटी परत देताना. सगळ्यांचे नुसते शिक्के, मत कोणाचंच नाही. फक्त 'माजलेली'भोवती एक गोल, आणि खाली फुसाएच्या अक्षरात: मी वाट बघतेय.

'वाट' हा शब्द बरोबर वापरलाय तिने.