उजव्या आरशातला हात

३ मार्च
आज छावणीच्या मोटार डेपोत रुजू झालो. सात नंबरचा तीन टनी ट्रक माझ्या ताब्यात आला. टायर नवे, केबिन धुऊन पुसून लख्ख, सीटला कोरे रेक्झिन. तुझा मुलगा आता लष्करात चालक आहे, असे आईला लगेच पत्रात कळवले. जोडीदार म्हणून एक मुरलेला चालक मिळाला आहे. त्याला सगळे लंबू म्हणतात. माझे अक्षर आणि शुद्धलेखन पाहून त्याने मला मास्तर करून टाकले. मी आठवीतच शाळा सोडली हे कळल्यावर म्हणाला, मग हेडमास्तर व्हायला वेळ लागेल.

४ मार्च
इथला पक्का नियम असा: गाडी मागे घेताना जोडीदाराने उतरून मागे उभे राहायचे आणि हाताने खुणा करायच्या. चालकाने आरशातला हात तेवढा पाहायचा, स्वतःची अक्कल चालवायची नाही. हात बोलावतो तोवर यायचे, पंजा उघडला की जागच्या जागी थांबायचे. दिवसभर घोकले.

९ मार्च
दुपारी गाडी शेडमध्ये लावत होतो. उजव्या आरशात हात बोलावत होता, त्याप्रमाणे मागे गेलो. उतरून पाहतो तर लंबू डावीकडे, घामाने निथळलेला. पंजा दाखवत ओरडून घसा सुकला, कान काय घरी विसरून आलास, म्हणून झापले. ऐन वेळी उडी मारली म्हणून वाचला. उजवीकडे कोण होते, असे विचारले. तो म्हणाला, तिकडे खांब आहे, मांजरसुद्धा मावणार नाही.

११ मार्च
डेपोच्या म्हाताऱ्या मेस्त्रीला खोदून विचारले. दोन वर्षांपूर्वी याच ट्रकला खुणा करणारा माणूस शेडच्या भिंतीशी चिरडला. चालकाने आरसाच पाहिला नव्हता. तेव्हापासून या गाडीवर कोणी महिनाभर टिकलेले नाही. मेस्त्री म्हणाला, मेला बिचारा, पण ड्युटी सोडली नाही त्याने.

१२ मार्च
साहेबांकडे दुसरी गाडी मागितली. ते आधी हसले, मग डोळे वटारून म्हणाले, भुताच्या नावाने अर्ज घेत बसलो तर डेपोला कुलूप लावावे लागेल. जे दिसेल ते दिसेल त्या मिनिटाला लिहून आण, मग बघू. म्हणून वही आता केबिनमध्येच ठेवतो.

१४ मार्च
पुन्हा तेच. डाव्या आरशात लंबूचा उघडा पंजा, उजव्या आरशात बोलावणारा हात. माझी नजर उजवीकडेच ओढली जाते. ब्रेकवरचा पाय आपोआप सुटतो. लंबूची मांडी खरचटली, पँट फाटली. या वेळी त्याने शिवीसुद्धा दिली नाही. त्याला वर्षाने रजा मिळाली आहे, तीन दिवसांनी निघायचे आहे. मुलगी रांगायला लागली, त्याने तिला अजून पाहिलेलेही नाही. म्हणाला, मास्तर, तेवढे तीन दिवस मला जिवंत ठेव, पुढचे तुझे तू बघ.

१५ मार्च
रात्रभर विचार केला. लंबूला गाडीच्या मागे उभे करायचेच नाही. केबिनमध्ये माझ्या शेजारी बसवायचे. नियम मोडेल. मोडू दे.

१६ मार्च, दुपार
शेडसमोर आहे. हात दिसला, तसा थांबलो. पण लंबूलाही त्याच्या आरशात कोणीतरी दिसले, भिंतीला टेकून उभे. मागे माणूस दिसला की उतरून हटवायचे, ही त्याची वीस वर्षांची सवय. मी बाही धरली. हिसडा मारून उतरला. अरे, माणूस आहे, चिरडेल ना, म्हणाला.

इंजिन बंद केले. किल्ली खिशात. हँडब्रेक ओढला आहे. हाका मारतो आहे — ओ देत नाही —

दिसला. डाव्या आरशात. भिंतीशी एकटाच. पंजा उघडून थांब म्हणतो आहे.

मी थांबलोच आहे, लंबू.

उजवीकडे तो हात — बोलावतो आहे —

दोन्ही पाय ब्रेकवर. तरी भिंत जवळ येते आहे — लंबू, बाजूला हो — बाजू