पाच दिवसांचं नाव

सोमवार, ८ ऑक्टोबर २००७
मिळालं!! गोडघड डॉट कॉम. अख्ख्या जगात हे नाव अजून कुणी घेतलेलं नव्हतं. खरंच वाटेना. पुन्हा पुन्हा तपासलं, मग घेऊनच टाकलं.

लगेच मामांना फोन. ते दिंडोरीला बागेत, मागे ट्रॅक्टरची घरघर. "मामा, नाव मिळालं!" "कुनाचं?" "तुमच्या द्राक्षांचं!" मग इतके हसले की मलाच भरून आलं. इतकी वर्षं द्राक्षं मामांच्या शेतकरी गटाची आणि खोक्यावर नाव व्यापाऱ्याचं. या हंगामात पहिल्यांदा खोक्यावर स्वतःचं नाव, आणि साइट करणार मी. नोकरी सोडल्यापासून माझं हे पहिलं स्वतःचं काम.

बाबा ओझरहून ड्यूटी करून आले. "हवेतलं नाव विकत घेतलंस?" म्हणाले. हो, घेतलं!

मंगळवार, ९ ऑक्टो.
सकाळी सकाळी मामांचा फोन. आवाज पडलेला.
"शुभे, पितरपाट चालू हाय ना गं. नव्या वस्तूला हात लावत नाय आपन. गटातली मंडळी लय नाराज झाली."
हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण मी कसली गप्प बसते. शहाणपणा दाखवायची हीच वेळ! सांगितलं, नाव पाच दिवसांच्या आत परत करता येतं, पैसेही परत मिळतात.
"मंग कर की परत. घट बसले का मुहूर्तावर पुन्ना घेऊ."
थोडा वाद घातला. मग मामींनी फोन घेतला. "अगं, गटाचं मन नको मोडू. पहिलंच काम हाय." मामींपुढे माझं काय चालणार.

बुध. १०
केलं परत. एक बटण, संपलं. जरा चुटपुट लागली. पण आजवर हे नाव कुणाला नको होतं, आता दोन दिवसांत कोण नेतंय?

शुक्रवार, १२ ऑक्टो., घटस्थापना
आईची आरती झाली. मुहूर्त गाठून आंघोळ वगैरे करून, नवा ड्रेस घालून बसले. नाव टाइप केलं.
उपलब्ध नाही.
चुकलं असेल म्हणून परत टाइप केलं. तेच. मग पानच उघडून बघितलं. नुसत्या इंग्रजी जाहिराती. कर्ज, बूट, हनिमून. वर मोठ्या अक्षरात आपलं नाव. चार वेळा तरी उघडलं असेल.

तेवढ्यात मामांचा फोन. "झालं का गं? पाटी लावली रस्त्याला! रंगाऱ्यानं लय भारी काढलीया, डॉट कॉमसकट."
सांगितलं.
"म्हंजे पाटी आपली आन् दुकान दुसऱ्याचं?"
पोटभर रडले. नंतर प्रसादाचा शिरा खाल्ला, दोनदा.

शनि. १३
आशा आहे! आहे!! आहे!!!
ज्यांच्याकडून नाव घेतलं होतं त्या मुंबईच्या कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस भला निघाला. "मॅडम, सोडलेली नावं उचलायला लोकांनी यंत्रं लावून ठेवलीत. पण पाच दिवसांची सवलत त्यांनाही आहे. तेवढ्यात पान किती जण उघडतात, जाहिराती बघतात, त्यावर त्यांची नजर. गर्दी दिसली तर ठेवतात, नाही तर फुकटात परत टाकतात."
म्हणजे कुणी फिरकलंच नाही तर गो.घ. सुटणार! (यापुढे इथेही पूर्ण नाव लिहीत नाही. भीती वाटते.) खुर्चीतून उडीच मारली.
मग आठवलं की काल मीच चारदा उघडलंय. आणि मामांची पाटी भर रस्त्यावर. लगेच फोन: पाटी झाका, कुणाला उघडू देऊ नका.

रवि. १४
एसटीने दिंडोरीला. पाटीवर मामींची हिरवी साडी गुंडाळलेली. नवरात्र, त्यात हिरवी साडी! येणारीजाणारी कुणीतरी हळद-कुंकू वाहून गेली होती. मामी म्हणाल्या, "राहू दे, लागंल कामाला."
पण मामांनी काय केलं असेल? काल संध्याकाळी आरतीनंतर देवळाच्या भोंग्यावरून, पूर्ण नाव घेऊन जाहीर! "गो.घ. डॉट कॉम ही साइट कुनीबी उघडू नका! कुनीबी नाय!"
झालं. तोवर निम्म्या गावाला साइट म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं. सकाळी दिंडोरीच्या सायबर कॅफेत ही गर्दी. "उघडायचं नाय म्हंजे त्यात हाय तरी काय?" मामा तिथे दारातच खुर्ची टाकून बसले, येईल त्याला "कशाला आलास?" विचारत. कॅफेवाला वैतागला.
खूप चिडले होते. एसटीत बसल्यावर एकटीच हसत सुटले. शेजारची बाई सरकून बसली.

सोम. १५
नावं विकणाऱ्या कंपनीच्या यादीत शोधते, ते पान उघडत नाही. अजून दुसऱ्याकडेच. जेवताना बाबांनी हळूच विचारलं, "सुटलं का ते?" हवेतलं नाव आता त्यांनाही हवंय.
आत्ता धरून बसलेला सोडेल तेव्हा दुसरा कुणी टपलेला असला तर...

मंगळवार, १६ ऑक्टो.
मामा स्वतः आले. बागेतली कामं टाकून. पिशवीत नारळ आणि झेंडूची फुलं. माझ्या शेजारी स्टुलावर बसून स्क्रीनकडे टक लावून. दुपारी लोडशेडिंग, इन्व्हर्टर कण्हतोय. सारखं शोधते: नाही. नाही. नाही.

तीन वाजून गेले आणि
उपलब्ध आहे.
मी किंचाळलेच. आई स्वयंपाकघरातून धावत आली. नाव भरलं, पत्ता भरला. बटणावर हात, आणि नजर गेली भिंतीवरच्या कॅलेंडरवर. राहूकाळ, आत्ताच लागलेला.
"मामा, राहूकाळ आहे. संपेपर्यंत थांबायचं?" खरंच विचारलं. एकदा पोळलेय.
मामांनी कॅलेंडरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.
"आगं दाब आधी! राहूला काय द्राक्षं खायचीत का?"
दाबलं.

पान पांढरं. खाली हिरवी पट्टी इंचाइंचाने सरकतेय, म्हणून हे लिहीत बसलेय. मामांनी नारळ मांडीवर धरलाय, खालीही ठेवत नाहीत. आत्ता विचारत होते, "समजा मिळालं, तर पुन्ना पाच दिवस परत करता येतं का गं?"
"येतं."
"मंग गटात बोलू नको कुनाला."